राजा राजीनामा देतो का?

सबटायटलवाली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी घरून सबटायटल्सचं काम करते, इंग्रजीतून मराठीत. सध्या युरोपातल्या राजघराण्यांवरची एक डॉक्युमेंटरी हातात आहे. त्यात एडवर्ड आठव्याचं प्रकरण येतं, तोच तो, घटस्फोटित बाईशी लग्न करायचं म्हणून १९३६ साली इंग्लंडचं राज्य सोडणारा. इंग्रजीत 'अ‍ॅब्डिकेटेड'. मी रात्री दीड वाजता पेंगत पेंगत लिहून टाकलं, 'राजाने राजीनामा दिला'. सकाळी अंधेरीच्या क्लायंटकडून फाइल परत, शेजारी शेरा: 'राजा नोकरीला होता का?'

शेरा बरोबर आहे हो, मलाही वाचून हसू आलं. पण मग लिहायचं काय? त्याच एपिसोडमध्ये पुढे रिनाउन्स आहे, रिलिंक्विश आहे, स्टेप डाउन आहे, एका ठिकाणी डिपोज, आणि मी सगळीकडे 'गादी सोडली, गादी सोडली' करत सुटलेय, राजवाडा कमी आणि गादी कारखाना जास्त वाटतोय. तर हे शब्द एकमेकांपासून नक्की कुठे वेगळे होतात आणि तुम्ही मराठीत काय म्हणाल? एका ओळीत ४२ अक्षरांच्या वर जाता येत नाही हे लक्षात ठेवून सांगा, नाहीतर अण्णा परिच्छेद देतील :)

ता. क. आठवीतल्या भाचीला विचारलं तर म्हणाली, "सोपंय मावशी, द किंग अ‍ॅब्डक्टेड द थ्रोन." म्हणजे राजाने सिंहासन पळवून नेलं.

स्लो_लोकल

भाचीला माझ्याकडून एक कॅडबरी.

आमच्या बोरिवली स्लोमध्ये खिडकी कुणी अ‍ॅब्डिकेट करत नाही. दादरलाच "कुठे उतरणार?" विचारून युवराज ठरलेला असतो, आणि राजा कांदिवली गेली तरी उठत नाही.

केळफूल

लोकलचा विनोद दुसऱ्याच प्रतिसादात आला, मला वाटलं होतं निदान पाचव्यापर्यंत थांबेल :)

मी शाळेत इंग्रजी शिकवते त्यामुळे थोडं मास्तरकीचं होईल, सांभाळून घ्या. अ‍ॅब्डिकेट लॅटिनमधून आलाय. 'अब' म्हणजे दूर आणि 'दिकारे' म्हणजे जाहीर करणं, डिक्टेट, डेडिकेट, इंडिकेट ही सगळी त्याच गोतावळ्यातली. रोमन लोक पोटच्या मुलाला 'हा माझा नव्हे' म्हणून नाकारायचे त्यालाही हाच शब्द वापरायचे. म्हणजे तोंडाने जाहीर करून नातं तोडणं हा त्याचा गाभा, आणि पुढे पुढे तो राजगादीलाच चिकटला. 'द किंग अ‍ॅब्डिकेटेड' एवढंच म्हटलं तरी पुरतं, 'अ‍ॅब्डिकेटेड द थ्रोन' पण चालतं. मुलं मध्ये फ्रॉम घालतात तो नको.

रिनाउन्सचं तसं नाही. हक्क, दावा, नागरिकत्व, धर्म, दारू, काहीही रिनाउन्स करता येतं आणि मुख्य म्हणजे जे अजून हातात आलेलंच नाही तेही करता येतं. अ‍ॅब्डिकेट करायला आधी गादीवर बसलेलं असावं लागतं. भीष्माने रिनाउन्स केलं, अ‍ॅब्डिकेट नाही.

रिलिंक्विशमध्ये मला तरी मूठ उघडल्यासारखं वाटतं, धरलेलं सोडणं, आणि बऱ्याचदा मन नसताना.

आणि अ‍ॅब्डिकेट आता राजांपुरता राहिलेला नाही. 'जबाबदारी अ‍ॅब्डिकेट केली' असं इंग्रजी पेपरात रोज असतं, तिथे मराठीत आपण सरळ 'हात झटकले' म्हणतो.

खोडसाळ_खारकर

भीष्म युवराज झालेला होता म्हणे. मग युवराजपद तर सोडलं ना? ते अ‍ॅब्डिकेट का नाही?

केळफूल

युवराज म्हणजे रांगेत पहिला. रांग सोडणं म्हणजे गादी सोडणं नव्हे.

खोडसाळ_खारकर

आणि हरिश्चंद्र? तो तर बसलेला होता.

किल्ला_कोर्ट

हरिश्चंद्राचं गिफ्ट डीड आहे, तेही स्वप्नात केलेलं. रजिस्टर कुठे झालंय दाखवा मग बोलू.

अण्णा गिरगावकर

सबटायटलवाली ताई, टोमणा पोचला. तरी परिच्छेद देतोच.

ह्या एका शब्दावरून इंग्लंडच्या पार्लमेंटात १६८९ साली खरोखरची भांडणं झालेली आहेत. राजा दुसरा जेम्स डिसेंबर १६८८ मध्ये फ्रान्सला पळाला, पळताना राज्याची मोठी मोहोर थेम्स नदीत टाकून दिली, की मोहोर नाही तर कारभार नाही. आता सभागृहापुढे प्रश्न असा की ह्याला म्हणायचं काय. त्याने कुठेही मी राज्य सोडतो असं म्हटलेलं नव्हतं. कॉमन्स म्हणाले त्याने अ‍ॅब्डिकेट केलं, सिंहासन रिकामं आहे. लॉर्ड्स म्हणाले छे, फार तर डेझर्ट केलं म्हणा, सोडून पळाला म्हणा. ह्यात नुसती शब्दांची हौस नव्हती, कारण पळालेला माणूस परत येऊ शकतो पण अ‍ॅब्डिकेट केलेला नाही. शेवटी कॉमन्सचा शब्द राहिला आणि विल्यम-मेरी गादीवर आले. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र असली नाजूक भाषा वापरलीच नाही. त्यांनी म्हटलं ह्याने आपल्या वागणुकीने हक्क गमावला, म्हणजे फोरफिट. जप्त. आपल्याकडे डिपॉझिट जप्त होतं तसं.

तेव्हा माझं म्हणणं असं की ह्या शब्दांत अर्थ थोडा आणि राजकारण फार.

सबटायटलवाली

अण्णा मागे घेतला टोमणा, हे माहीत नव्हतं. पण मग जेम्सला मराठीत काय म्हणू?

स्लो_लोकल

'राजा फरार'. ४२ अक्षरांत आरामात बसतं.

चहा_विथ_पाव

वाखुसा (वाचनखूण साठवली).

उत्तरा_लालबाग

केळफूल, तुमचं ते मूठ उघडण्याचं वाक्य वाचलं आणि थांबले.

रिलिंक्विश हा शब्द मी पहिल्यांदा कागदावर पाहिला तो आईच्या वेळी. आजोबांच्या खोलीवर आईचा आणि दोन मावश्यांचा हिस्सा निघत होता, मामांनी सांगितलं हक्कसोडपत्र करून द्या म्हणजे बिल्डरकडे एकच नाव जाईल. मसुदा इंग्रजीत होता, त्यात तीन-चार क्रियापदं एकापाठोपाठ, रिलीज, रिलिंक्विश आणि काय काय. आम्ही सबरजिस्ट्रारकडे गेलो, फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला, तिथल्या माणसाने विचारलं, "आजी, कुणाच्या दबावाखाली नाही ना सही करत?" आई लगेच म्हणाली, "नाही हो, माझा भाऊ आहे." बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. मग बसस्टॉपवर ती एवढंच म्हणाली की त्या खोलीच्या गॅलरीत माझं नाव खिळ्याने कोरलंय, ते पण गेलं का ह्यात?

तर ताई तुमच्या डॉक्युमेंटरीत जिथे रिलिंक्विश येतं तिथे 'हक्क सोडला' लिहा. मराठी माणसाला तो शब्द कळायला राजवाडा लागत नाही.

केळफूल

उत्तरा, ह्यावर काय लिहू कळत नाहीये. खोली कुठे होती? मी पण लालबागची, माहेर.

उत्तरा_लालबाग

गणेश गल्लीच्या मागे. आता टॉवर आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

किल्ला_कोर्ट

उत्तराताईंच्या मसुद्यातली ती क्रियापदं आम्हीच घालतो, एक निसटलं तरी दुसऱ्याने धरावं म्हणून.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते सगळी गंमत 'वर कोण आहे' ह्यात आहे. राजीनामा देताना तो घेणारा कुणीतरी लागतो. शब्दच बघा ना, राजी अधिक नामा, राजीखुशीने लिहून दिलेला कागद. आज आपण ऑफिसात देतो पण मुंबई इलाख्यात रयत जमीन सोडायची तेव्हा सरकारला राजीनामा लिहून द्यायची, आणि ज्याला जमीन घ्यायची तो कबुलायत लिहून द्यायचा. राजीनामा-कबुलायत अशी जोडीच होती, जुन्या फेरफारांत अजून दिसते. रयतेच्या वर सरकार आहे म्हणून राजीनामा. राजाच्या वर कोण? म्हणून तो अ‍ॅब्डिकेट करतो. क्लायंटचा शेरा तुम्हाला टोमणा वाटला असेल पण कायद्याने तंतोतंत आहे.

दुसरं, एडवर्डच्या कागदाचं नाव अ‍ॅब्डिकेशन पण आतलं क्रियापद रिनाउन्स आहे, की मी स्वतःसाठी आणि माझ्या वंशजांसाठी सिंहासन सोडण्याचा न बदलणारा निश्चय केलाय. वंशजांसाठी सोडायचं तर अ‍ॅब्डिकेट चालणार नाही, कारण न जन्मलेली पोरं गादीवर बसलेली नाहीत. केळफूल मॅडमचा भीष्माचा मुद्दा इथे चपखल बसतो.

तिसरी गंमत. त्यावेळच्या कायद्यात म्हटलंय की ह्यामुळे 'डिमाइज ऑफ द क्राउन' होईल. डिमाइज म्हणजे मृत्यू असं आपण शिकलो, पण मुळात तो हस्तांतराचा शब्द आहे, मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाणं. राजा मेला की राज्य पुढे जातं म्हणून मागाहून तो मरणाला चिकटला. मुंबईत ज्यांच्या सोसायट्या लीजच्या जमिनीवर आहेत त्यांनी आपलं लीज डीड काढून बघा, पानोपानी 'डिमाइज्ड प्रिमायसेस' आहे. एक काका ते वाचून घाबरून माझ्याकडे आले होते, "साहेब, ही जागा मयताची आहे का?"

बोरिवली_पश्चिम

वकीलसाहेब, एक व्यावहारिक शंका. आमच्या सोसायटीचे चेअरमन गेली सहा वर्षं दर एजीएमला राजीनामा देतात. कुणी घेतच नाही कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. हे कशात बसतं?

किल्ला_कोर्ट

ह्याला इंग्रजीत शब्द नाही, मराठीत आहे. नखरे.

वसईकर

वकीलसाहेबांचा 'वर कोण आहे' हा नियम छान आहे पण आमच्या पोपपुढे टिकत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ ला लॅटिनमध्ये जाहीर केलं आणि २८ तारखेला पद सोडलं, तेव्हा आमच्या पॅरिशमध्ये तर कुणाचा विश्वासच बसेना. इंग्रजी पेपर बहुतेक 'रिझाइन' म्हणत होते. आता पोपच्या वर पृथ्वीवर तरी कुणी नाही. आणि चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे की पोपने पद सोडलं तर ते स्वखुशीने असावं, नीट जाहीर केलेलं असावं, पण कुणी ते स्वीकारण्याची गरज नाही. म्हणजे घेणारा नसलेला राजीनामा. मग?

किल्ला_कोर्ट

मान्य. नियमाला भोक पडलं. पण पोप निवडून येतो, ते पद आहे. राजा जन्माने येतो. पदाचा राजीनामा, जन्माचं अ‍ॅब्डिकेशन, असं म्हणू का?

वसईकर

म्हणा, पुढचं भोक सापडेपर्यंत :)

खोडसाळ_खारकर

एडवर्ड आठवा म्हणजे ज्याच्या नावाने आपलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं तोच ना? राज्य सोडलं तरी म्युझियमवर नाव राहिलं बघा बरीच वर्षं.

अण्णा गिरगावकर

खारकर, तो नव्हे. म्युझियमची कोनशिला १९०५ च्या नोव्हेंबरात बसवली ती त्याच्या बापाने, तो तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स होता, पुढे पाचवा जॉर्ज झाला. एडवर्ड आठवा युवराज म्हणून मुंबईत आला १७ नोव्हेंबर १९२१ ला, आणि त्या दिवशी हरताळ आणि पुढे दंगल, गांधीजींना उपास करावा लागला. आणि काळ्या घोड्यावर होता तो ह्याचा आजोबा, सातवा एडवर्ड, तोही पुतळा झाला तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सच. तीन पिढ्या, तिन्ही प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईकराचा घोटाळा होणं साहजिक आहे.

स्लो_लोकल

काळ्या घोड्यावरचा तो आता कुठाय?

अण्णा गिरगावकर

१९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे, घोड्यासकट. काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ ला नवीन घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही.

स्लो_लोकल

म्हणजे पहिला डिपोज आणि दुसऱ्याचं सिंहासन व्हेकंट. आख्खा धडा फोर्टात फिरून शिकता येईल.

केळफूल

स्लो_लोकल, पहिल्यांदाच कामाचं बोललात, कारण ह्यावरून मला एक आठवलं. 'पायउतार होणे'! आपण मंत्र्यांसाठी वापरून वापरून गुळगुळीत केलाय पण मूळ अर्थ घोड्यावरून नाहीतर पालखीतून उतरून पायी होणं. म्हणजे काळ्या घोड्यावर आता जे आहे, किंवा नाही, ते शब्दशः पायउतार. स्टेप डाउनला ह्याच्याइतका जवळचा शब्द सापडणार नाही. त्यात राजीखुशी की जबरदस्ती हे बोलावं लागत नाही, इंग्रजीतही स्टेप डाउनचा नेमका तोच फायदा घेतात.

सबटायटलवाली

पायउतार!! घेतला. सात अक्षरं.

खोडसाळ_खारकर

पाच.

सबटायटलवाली

सॉफ्टवेअर काना-मात्रा पण मोजतं, तुम्ही कसे पाच मोजताय ते तुम्हालाच माहीत.

माळव्यातला_मुंबईकर

इतका वेळ नुसता वाचत होतो. युरोप युरोप चाललंय, पण अ‍ॅब्डिकेशनची सगळ्यात सनसनाटी गोष्ट मलबार हिलवर सुरू होते. माझं बालपण इंदूरचं, तिथे ही कथा प्रत्येक घरात वेगळी सांगतात, मी फक्त कागदोपत्री आहे तेवढं सांगतो.

१२ जानेवारी १९२५. मलबार हिलवर संध्याकाळी एका मोटारीवर हल्ला. आत अब्दुल कादर बावला नावाचा धनाढ्य व्यापारी आणि मुमताज बेगम, जी आधी इंदूरच्या दरबारात होती आणि तिथून निसटली होती. तिला उचलून न्यायचा बेत होता. बावला गोळीने मेला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे आले आणि त्यांच्यातल्या एकाने गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपलं, म्हणून ती वाचली. हल्लेखोर इंदूरचे निघाले. मुंबई हायकोर्टात खटला गाजला, एका आरोपीचे वकील होते जिना.

महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यावर खटला झाला नाही. सरकारने त्यांच्यापुढे दोन रस्ते ठेवले, चौकशी कमिशन किंवा गादी सोडणं. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या नावे गादी सोडली. सगळीकडे शब्द अ‍ॅब्डिकेशन. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर नावाच्या अमेरिकन बाईंशी लग्न केलं, त्या शर्मिष्ठादेवी झाल्या.

आता मला सांगा, मानेवर सुरी ठेवून घेतलेलं अ‍ॅब्डिकेशन हे अ‍ॅब्डिकेशन का? केळफूल मॅडम म्हणतात स्वतः जाहीर करणं, वकीलसाहेब म्हणतात वर कुणी नसणं. इथे वर व्हाइसरॉय होता आणि जाहीर करायला लावलं होतं.

अण्णा गिरगावकर

उत्तम मुद्दा काढलात. ह्याच्या शेजारी साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज ठेवून बघा. १८३९ साली मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला गेला, म्हणाला आरोप कबूल केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराज म्हणाले करणार नाही. सही केली नाही म्हणून गादीवरून काढलं, काशीला पाठवलं, भावाला बसवलं. हे डिपोज, पदच्युत. त्यांच्यासाठी रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं भांडत राहिले. तुकोजीरावांनी सही केली, म्हणून अ‍ॅब्डिकेट. दोघांच्याही मागे तोच साहेब उभा. फरक म्हणाल तर कागदाखाली सही कुणाची एवढाच.

बडोद्याचे मल्हारराव तर १८७५ ला कुणी विचारलंसुद्धा नाही.

खोडसाळ_खारकर

दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये कंपनीच्या माल्कम साहेबाला शरण जाऊन आठ लाखांची पेन्शन घेतली, पुण्याच्या राज्यावरचा हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी सोडला. सही केली. मग तेही अ‍ॅब्डिकेशन.

अण्णा गिरगावकर

पेशवा राजा कधी होता? तो छत्रपतींचा प्रधान. द्यायचाच तर त्याने राजीनामा द्यायला हवा होता आणि तो साताऱ्याला.

स्लो_लोकल

म्हणजे बॉसला न सांगता परस्पर दुसऱ्या कंपनीशी सेटलमेंट करून ब्रह्मावर्ताला व्हीआरएस. आणि कंपनी पण खरोखरची कंपनी.

चहा_विथ_पाव

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

किल्ला_कोर्ट

'सही कुणाची' हे पटलं, माझ्या नियमापेक्षा बरं आहे. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म बघा. ९ नोव्हेंबर १९१८ ला चॅन्सेलरने परस्पर जाहीर करून टाकलं की कैसरने गादी सोडली. कैसरला पत्ता नाही. तो हॉलंडला गेला आणि रीतसर कागदावर सही केली २८ नोव्हेंबरला. मधले एकोणीस दिवस तो कोण होता ह्यावर एक चांगला खटला उभा राहिला असता. आणि ऑस्ट्रियाचा सम्राट कार्ल, त्याने त्याच ११ नोव्हेंबरला राज्यकारभारातला सहभाग सोडतो असं लिहिलं पण अ‍ॅब्डिकेट हा शब्द मुद्दाम टाळला, आणि पुढे दोनदा हंगेरीची गादी परत मिळवायला गेला. अण्णांनी सांगितलेलं कॉमन्स-लॉर्ड्सचं भांडण होतं ना, तेच, फक्त इथे राजालाच अक्कल होती.

नवीन_सदस्य_०९

सीड म्हणजे पण सोडणे ना? सीडेड द थ्रोन असं वाचलंय.

केळफूल

सीड बहुतेक वेळा प्रदेश, सत्ता, अधिकार दुसऱ्याच्या हवाली करण्यासाठी. घेणारा समोर असतो. उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. १६६१ च्या तहात पोर्तुगालने राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला सीड केली, आणि त्याने १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली.

आणि स्पेलिंग नीट बघा, मुलं बियाण्याचं लिहितात. एकाने लिहिलं होतं की पोर्तुगालने मुंबई पेरली. मी अर्धा मार्क दिला, चूक आहे पण खोटं नाही.

स्लो_लोकल

दहा पौंडात आता चर्चगेटला पार्किंग मिळत नाही. पागडी तरी मागायची होती त्याने.

वसईकर

वकीलसाहेब, ते पुढचं भोक सापडलं. मलेशिया. तिथले सुलतान आपसात पाळीपाळीने पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. त्यांच्या राज्यघटनेतच आहे की राजाला सहीनिशी पत्र लिहून पद सोडता येतं, आणि ते पत्र कुणाला लिहायचं तर सुलतानांच्या परिषदेला. केलांतानचे सुलतान पाचवे मुहम्मद यांनी जानेवारी २०१९ मध्ये तेच केलं. देशाचं राजेपद सोडलं, केलांतानचे सुलतान मात्र राहिले. घटनेतला शब्द 'रिझाइन'.

म्हणजे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर: हो, देतो. एका देशात.

किल्ला_कोर्ट

नमस्कार घ्या.

माळव्यातला_मुंबईकर

त्याच वर्षी ३० एप्रिलला जपानचे अकिहितो पण बाजूला झाले ना. तिथे तर कायद्यात सोयच नव्हती, त्यांच्या एकट्यासाठी २०१७ ला खास कायदा करावा लागला. दोनशे वर्षांत पहिल्यांदा.

किल्ला_कोर्ट

एडवर्डलाही कायदा लागलाच. त्याने १० डिसेंबरला सही केली, तीन भाऊ साक्षीदार, पण इंग्लंडात ती लागू झाली दुसऱ्या दिवशी पार्लमेंटने कायदा केला तेव्हा. आयर्लंडने आपला कायदा १२ तारखेला केला म्हणून तिथे तो आणखी एक दिवस राजा. दक्षिण आफ्रिकेने १० तारीख धरली. आणि पार्लमेंटच्या कायद्याला राजाची संमती लागते. राजा कोण? तोच. स्वतःच्या अ‍ॅब्डिकेशनच्या कायद्याला संमती देणं हे त्याचं राजा म्हणून शेवटचं काम.

बोरिवली_पश्चिम

थांबा थांबा. म्हणजे स्वतःचा राजीनामा स्वतःच मंजूर करायचा? हे आमच्या चेअरमनना कुणी सांगू नका. किंवा सांगाच. रविवारी एजीएम आहे.

सबटायटलवाली

मंडळी, फाइल पाठवली काल. काय केलं ते सांगते, तुमचा हक्क आहे (आणि तो कुणी सोडू नका).

एडवर्डला 'राज्यत्याग केला' ठेवलं, जरा नाटकी आहे पण त्याचं प्रकरणच नाटकी आहे. त्याच्या कागदातल्या रिनाउन्सला 'माझा व वंशजांचा हक्क सोडतो'. कैसरला 'पायउतार झाला'. डिपोजला 'पदच्युत'. स्वीडनच्या राजघराण्यातला एक राजपुत्र लग्नासाठी वारसाहक्क सोडतो तिथे रिलिंक्विश होतं, तिथे उत्तराताईंचं 'हक्क सोडला' जसंच्या तसं. ती ओळ लिहिताना मला त्या राजपुत्राऐवजी गॅलरीतला खिळाच दिसत होता.

दुपारी फोन आला. बाकी सगळं पास, फक्त 'पदच्युत' तरुण प्रेक्षकांना कळणार नाही, 'हकालपट्टी' करा म्हणाले. मी म्हटलं, हकालपट्टी पक्षातून होते. ते म्हणाले, तेच कळतं लोकांना. केलं.

अण्णा गिरगावकर

हकालपट्टी! प्रतापसिंह महाराजांची! चालू द्या.

सबटायटलवाली

अण्णा महाराज त्यात नाहीयेत, रोमानियाचा राजा आहे.

अण्णा गिरगावकर

मग ठीक आहे.

बोरिवली_पश्चिम

एजीएम अपडेट. चेअरमननी नेहमीप्रमाणे राजीनामा दिला. मी उभं राहून सांगितलं की साहेब, ब्रिटिश परंपरेनुसार आपण स्वतःच तो मंजूर करू शकता. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले की पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग अर्धं राहिलंय, ते झालं की बघू. पुढचा विषय पार्किंग. वडे गार होते.